रिपीटर उगाच उघडत असेल तर टोन लावा

पावसाळा सरला की गोव्याच्या किनाऱ्यावर हॅम रेडिओच्या व्हीएचएफ बँडवरचे (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे) लांबलांबचे सिग्नल दर्यावरून येऊ लागतात. खाली समुद्रालगतची दमट हवा, वर कोरडी उबदार हवा. या थरांत लहरी अडकतात आणि शेकडो किलोमीटर सरकत जातात. मग तिकडे मंगळुरूच्या बाजूला कोणी आपल्या रिपीटरसाठी (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर पुन्हा पाठवणाऱ्या, टेकडीवरच्या यंत्रासाठी) पीटीटी, म्हणजे बोलण्याची कळ, दाबतो आणि त्याच इनपुटवर, म्हणजे ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवर असलेला इथला रिपीटरही उघडतो, म्हणजे प्रसारण करू लागतो. त्यात टेकडीवरच्या पॉवर सप्लायची आणि सोलर इन्व्हर्टरची खरखर. तासन्‌तास ती ऐकून माणसं सेट बंद करून ठेवतात, आणि वादळात फोन गेले की हाकेला ओ द्यायला फ्रिक्वेन्सीवर कोणीच नसतं. म्हणून मी टोनसाठी इतका आग्रही आहे. सेट चालू राहिले पाहिजेत.

हा टोन म्हणजे सीटीसीएसएस. तुमच्या बोलण्यासोबत ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधला एक ठरावीक सूर सतत जात असतो. ऐकणाऱ्याच्या सेटमधला फिल्टर तो कापतो, म्हणून कानाला जाणवत नाही. रिपीटर मात्र तो सूर ओळखला तरच ट्रान्समीटर चालू करतो.

समजा रिपीटरचं आउटपुट, म्हणजे पाठवण्याची फ्रिक्वेन्सी, १४५.७०० मेगाहर्ट्झ आहे. शिफ्ट, म्हणजे इनपुट-आउटपुटमधला फरक, उणे ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे इनपुट १४५.१००. नवख्यांच्या हातात बहुधा बाओफेंग यूव्ही-५आर हा हातातला सेट असतो, त्याचंच सांगतो. व्हीएफओमध्ये (थेट फ्रिक्वेन्सी टाकण्याच्या मोडमध्ये) १४५.७०० टाका. मेनू २५ मध्ये शिफ्ट उणे, २६ मध्ये ००.६००, आणि १३ मध्ये रिपीटरचा टोन. मेनू ११ बंदच ठेवा. तो ऐकण्याचा टोन आहे. बरेच रिपीटर आउटपुटवर टोन पाठवत नाहीत, आणि तो लावलात तर रिपीटर बोलत असूनही तुमचा सेट मुका राहील. हे सगळं झाल्यावरच मेनू २७ ने चॅनेल साठवा. मग स्टारची कळ दाबून इनपुट फ्रिक्वेन्सी समोर आणा आणि त्याच चॅनेलवर पुन्हा साठवा. दुसऱ्यांदा साठवलं नाही तर चॅनेल सिम्प्लेक्सच (ऐकणं-बोलणं एकाच फ्रिक्वेन्सीवर) राहतं आणि रिपीटर काही उघडत नाही.

पीटीटी दाबल्या दाबल्या बोलू नका. टोन ओळखायला रिपीटरला क्षणभर लागतो. घाई केलीत तर कॉलसाइनची, म्हणजे तुमच्या ओळखचिन्हाची, सुरुवातच कापली जाते.

रिपीटर उभारणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: १००.० हर्ट्झ निवडू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि रेक्टिफायरनंतर उरणारा गुणगुणाट नेमका १०० वर येतो. एखाद्याच्या सप्लायचा कपॅसिटर थकलेला असला की रिपीटर त्यालाच टोन समजू शकतो. १५१.४ सुद्धा १५० च्या फार जवळ. ८८.५ किंवा १२३.० घ्या, पण त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या शेजारच्या रिपीटरचा टोन कोणता ते आधी विचारा. दोघांचा एकच असेल तर टोन लावून उपयोग शून्य. टोनचं डेव्हिएशन (टोनमुळे फ्रिक्वेन्सी किती हलते ते, म्हणजे टोनचा जोर) ५०० ते ७५० हर्ट्झच्या आसपास असावं. कमी पडलं तर रिपीटर मधूनमधून बंद होतो, जास्त झालं तर आवाजाखाली घुमल्यासारखं ऐकू येतं.

डीसीएस हा याचाच डिजिटल भाऊ, पण जुन्या सेटवाल्यांना तो जमत नाही, म्हणून सार्वजनिक रिपीटरवर मी सीटीसीएसएसच सुचवीन.

एक गोष्ट नीट समजून घ्या. टोन लावल्याने इनपुटवरची गडबड जात नाही. ती एकटी असताना रिपीटर उघडत नाही, इतकंच. तुम्ही बोलत असताना ती जोरात आली तर तुमचा आवाज दाबणारच. तेव्हा शोध इनपुटवर घ्यायचा: सेट १४५.१०० वर ठेवा, स्क्वेल्च (सिग्नल नसताना सेट गप्प ठेवणारी सोय) उघडा, हातातली यागी (एका दिशेला जास्त ऐकणारा अँटेना) हळूहळू फिरवा आणि सिग्नल कुठल्या दिशेला वाढतो ते नोंदवा. मग दुसऱ्या जागेवरून तेच करा आणि दोन्ही रेघा नकाशावर ओढा. त्या छेदतात तिथेच गडबडीचं मूळ शोधायचं.