पुस्तक परीक्षण वाचकाच्या कामी यावे म्हणून

आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात ग्रंथनिवड समितीवर मी बरीच वर्षे काम करीत आहे. सभासदांची वर्गणी आणि शासनाचे अनुदान यांतून पुस्तकांसाठी जी रक्कम हाती उरते ती जपून खर्च करावी लागते, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाऊन एकेक पुस्तक चाळणे शक्य नसल्यामुळे आम्ही वर्तमानपत्रांतील व मासिकांतील परीक्षणांची कात्रणे एका फाइलीत लावून ठेवतो आणि खरेदीच्या बैठकीत ती फाइल पुढ्यात घेऊन बसतो. बहुतेक कात्रणांत लेखकाची ओळख असते, कथानक असते, कौतुक तर असतेच. पण हे पुस्तक कोणाच्या हाती द्यावे आणि कोणाच्या हाती देऊ नये, याचा पत्ता लागत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याने हा एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवला तर काय सांगावे आणि काय गाळावे हे बरेचसे त्यातूनच ठरत जाते. पुढील सूचना त्या प्रश्नाला धरून केल्या आहेत.

लिहायला बसण्यापूर्वी आपण नेमके काय लिहीत आहोत हे ठरवावे. ‘साभार पोच’ म्हणजे पुस्तक पोहोचल्याची नोंद, ‘परिचय’ म्हणजे पुस्तकात काय आहे याची ओळख, ‘परीक्षण’ म्हणजे ओळख आणि पारख दोन्ही, आणि ‘समीक्षा’ म्हणजे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांच्याशी केलेली चर्चा, जिच्यात शेवट उघड केला तरी कोणाची तक्रार नसते. परीक्षणाच्या मथळ्याखाली पुष्कळदा मलपृष्ठावरच्या मजकुराचा विस्तार छापला जातो, तर कधी पुस्तक न वाचलेल्या माणसाला कळणारच नाही अशी समीक्षा. परीक्षणाचा वाचक पुस्तकाच्या उंबरठ्याबाहेर उभा आहे, हे लिहिताना विसरून चालत नाही.

पुस्तक शक्यतो दोनदा वाचावे. पहिल्या वेळी केवळ वाचक म्हणून वाचावे, टिपणे काढीत बसू नये. मी या वाचनात कागदाच्या अरुंद पट्ट्या जवळ ठेवतो आणि त्यांवर दोनपैकी एकच शब्द लिहितो, ‘थांबलो’ किंवा ‘कंटाळलो’. वाक्याने, प्रसंगाने किंवा शंकेने थांबवले तर पहिला शब्द. उरलेली पाने मोजावीशी वाटली तर दुसरा. पुस्तक संपल्यावर ते मिटून कडेने पाहिले की पट्ट्या कोठे दाटल्या आहेत ते दिसते आणि दुसरे वाचन तेथूनच सुरू करता येते. एका आत्मचरित्राच्या पहिल्या साठ पानांत कंटाळ्याच्या सात पट्ट्या निघाल्या होत्या आणि पुढच्या दोनशे पानांत एकही नव्हती. परीक्षणात मी सरळ लिहिले की घराण्याचा इतिहास सांगणारी पहिली साठ पाने वगळली तरी फारसे बिघडत नाही. लेखक साखर कारखान्यात नोकरीला लागतो तेथून पुस्तक पकड घेते. ते वाचून दोन सभासदांनी पुस्तक नेले आणि दोघांनीही साठ पाने ओलांडून वाचायला सुरुवात केली.

परीक्षणाच्या आरंभी किंवा शेवटी पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत द्यावी. आवृत्ती नवी आहे, सुधारित आहे की नुसते पुनर्मुद्रण आहे, हेही सांगावे, कारण जुनी प्रत घरात असलेल्या वाचकाला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते.

यानंतरचा मोठा अडथळा म्हणजे आपल्या परीक्षणांत मुरलेली ठरावीक विशेषणे. भाषा ओघवती असते, शैली चित्रदर्शी असते, पुस्तक वाचकाला खिळवून ठेवते आणि अंतर्मुख करते, मुखपृष्ठ आशयाला साजेसे असते, मुद्रणदोष टाळता आले असते, आणि एकूण पुस्तक वाचनीय व संग्राह्य असते. हा मजकूर जवळजवळ कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतो आणि म्हणूनच तो एकाही पुस्तकाविषयी काही सांगत नाही. असे विशेषण लेखणीतून उतरले की ते कशावरून लिहिले, असे स्वतःला विचारावे आणि जे उत्तर येईल ते विशेषणाच्या जागी लिहावे. उदाहरणार्थ, ‘लेखिकेची भाषा ओघवती व अस्सल मातीतली आहे’ असे वाक्य पहिल्या खर्ड्यात आले, असे समजू. ते कशावरून, याचा शोध घेतल्यावर त्याच जागी असे लिहिता येईल: ‘निवेदन प्रमाण मराठीत असून वाक्ये आखूड आहेत, संवाद मात्र वऱ्हाडीत आहेत आणि पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची दिलेली नाही, त्यामुळे या बोलीची सवय नसलेला वाचक पहिली दोन प्रकरणे अडखळत वाचेल, पण तिसऱ्या प्रकरणातल्या बाजाराच्या प्रसंगापर्यंत त्याचा कान तयार झालेला असेल.’ वाक्य लांबले हे खरे, परंतु ते वाचून नागपूरचा वाचक आणि रत्नागिरीचा वाचक आपापला निर्णय करू शकतात.

कथानक किती सांगावे याविषयी मतभेद आहेत. माझा शिरस्ता असा की कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशात जे घडते तेवढेच सांगावे आणि पुढच्या भागाविषयी घटना न सांगता कथेचा कल सांगावा. रहस्यकथेत एवढेही सांगू नये. कथासंग्रहातील बाराही कथांचा सारांश दोन-दोन ओळींत देण्याची पद्धत वाचकाला रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटते. त्यापेक्षा सर्वांत जमलेली एक आणि फसलेली एक कथा निवडून त्या दोहोंविषयी नीट लिहावे.

अवतरण देताना पुस्तकातील सर्वांत चमकदार ओळ शोधून काढण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि पुस्तक साधारणपणे जसे आहे तसा एक उतारा निवडावा, कारण वाचकाला पुढची तीनशे पाने त्याच भाषेत काढायची असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ समीक्षा किंवा परीक्षणासाठी वाजवी उपयोगाची मुभा देते, तेव्हा चार-सहा ओळी उद्धृत करण्यास संकोच नसावा. उतारा मात्र विरामचिन्हांसह जसाच्या तसा उतरवावा. कवितासंग्रहाच्या बाबतीत संपूर्ण कविता छापायची असेल तर कवीला किंवा प्रकाशकाला विचारणे बरे.

पुस्तकाच्या प्रकारानुसार वाचकाची गरज बदलते, आणि येथे आपल्याकडे ऐतिहासिक व चरित्रात्मक कादंबऱ्यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. शिवकालावरची किंवा पेशवाईवरची कादंबरी वाचून तिलाच इतिहास मानणारे वाचक पुष्कळ आहेत. आमच्या देवघेवीच्या टेबलावर ‘इतिहासाचे चांगले पुस्तक द्या’ असे म्हणत कादंबरीच मागितली जाते. म्हणून लेखकाने साधने दिली आहेत का, प्रस्तावनेत कल्पित पात्रांचा उल्लेख आहे का, आणि कोणता प्रसंग बखरीतून आला आहे व कोणता लेखकाने रचला आहे, हे परीक्षणकर्त्याने जमेल तितके स्पष्ट करावे. इतिहासाच्या किंवा वैचारिक पुस्तकात संदर्भसूची, नामसूची व नकाशे आहेत की नाहीत, हे मतप्रदर्शनाच्या आधी सांगावे. सर्व विधाने पडताळणे कोणालाच शक्य नसते, पण वेगवेगळ्या प्रकरणांतील तीन विधाने निवडून ती दुसऱ्या साधनांशी ताडून पाहता येतात, आणि तिन्हींपैकी दोन चुकली तर वाचकाला सावध करणे हे कर्तव्यच ठरते.

अनुवादाच्या परीक्षणात अनुवादकाचे नाव कंसात टाकून मोकळे होण्याची सवय अद्याप गेलेली नाही. मूळ भाषेतून थेट अनुवाद झाला आहे की इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या वाटेने, हे आधी सांगावे. एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांनी थेट कन्नडमधून मराठीत आणल्या आणि मामा वरेरकरांनी कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्यायांना बंगालीतून आणले. अशा अनुवादांत नात्यांची संबोधने, जेवणातले पदार्थ, सणवार हे मराठीत कसे वागवले आहेत ते दाखवण्यासारखे असते. मूळ भाषा आपल्याला येत नसेल तर अनुवाद मुळाबरहुकूम आहे असे प्रमाणपत्र देऊ नये. तो मराठी म्हणून कसा वाचला जातो, एवढेच बोलावे.

बालसाहित्याचे परीक्षण करताना वय सांगितले नाही तर बाकी सारे व्यर्थ आहे. ‘मुलांना आवडेल’ या शब्दांवर विसंबून आम्ही एक देखणे पुस्तक घेतले, ते पहिली-दुसरीतल्या मुलांच्या पालकांनी नेले आणि दुसऱ्याच दिवशी परत केले, कारण आत पानपानभर सलग मजकूर आणि चित्रे मात्र प्रकरणाच्या आरंभी एकेक. ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी उत्तम पुस्तक होते. अक्षराचा आकार, जोडाक्षरांचे प्रमाण, मोठ्याने वाचून दाखवायला लागणारा वेळ, या गोष्टी परीक्षणकर्त्याला क्षुल्लक वाटतात. आईवडिलांना वाटत नाहीत.

दोष दाखवायचे तर पुस्तकाने जे करायचे ठरवले होते त्याच्या मापाने दाखवावेत. आजीच्या आठवणींच्या पुस्तकाला सामाजिक विश्लेषण नसल्याबद्दल दोष देणे म्हणजे पोळीला भाकरी नसल्याबद्दल नावे ठेवणे. दोष पुस्तकाच्या गाभ्याचा आहे की काठाचा, हेही तोलावे लागते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठीत परखड टीकेची वाट रुळवण्यात तिचा वाटा मोठा आहे. परंतु त्याच मालेत जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी व्याकरणाच्या चुकांची जी खिल्ली उडवली, तिच्यामुळे फुले काय सांगत होते हा मुख्य मुद्दा मालेच्या वाचकापुरता झाकला गेला. आजही पुस्तकाच्या मुद्द्याला हात न घालता ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजणारी परीक्षणे निघतात. मुद्रणदोष अर्थाच्या आड येत असतील, कोष्टकातील आकडे किंवा सनावळी चुकवीत असतील, तर पृष्ठांकासह नोंदवावेत. एरवी ते प्रकाशकाला पत्राने कळवणे अधिक उपयोगाचे.

लेखकाशी आपला परिचय असेल तर तो एका वाक्यात सांगून टाकावा. पुस्तक ‘अभिप्रायार्थ’ म्हणून आले, लेखक आपला सहकारी आहे, प्रस्तावना आपल्या गुरूंची आहे, यांपैकी कशातही लाजण्यासारखे काही नाही, पण वाचकाला ते ठाऊक असले की तो आपल्या शब्दांचे वजन स्वतःच कमी-जास्त करून घेतो. हे मी अनुभवाने सांगतो. एका मित्राच्या काव्यसंग्रहावर मी भरघोस लिहिले, मैत्रीचा उल्लेख केला नाही, आणि माझ्याच शब्दावर आमच्या ग्रंथालयाने त्याच्या दोन प्रती घेतल्या. त्यांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर आजवर एकच शिक्का पडला आहे, तोही माझ्या नावावरचा.

दुसऱ्या पुस्तकाशी तुलना करायची झाल्यास ती एकाच आणि वाचकाच्या परिचयाच्या पुस्तकाशी करावी व साम्यापेक्षा फरक सांगावा. परदेशी सिद्धान्तकारांची नावे ओळीने मांडल्याने परीक्षणकर्त्याच्या वाचनाची माहिती मिळते, पुस्तकाची नाही.

सातशे-आठशे शब्दांत हे सगळे बसते, मात्र बसवावे लागते. खर्डा झाल्यावर पहिला परिच्छेद झाकून उरलेला मजकूर वाचून पाहावा. ‘मराठी साहित्यात आत्मचरित्राची परंपरा समृद्ध आहे’ या धाटणीचा तो परिच्छेद सहसा काढून टाकता येतो. मग पुस्तक न वाचलेल्या एखाद्याला परीक्षण वाचायला द्यावे आणि हे पुस्तक तो कोणाला देईल व का, असे विचारावे. उत्तर देताना तो चाचरला तर मत बदलण्याची गरज नसते. कोठेतरी एखादा तपशील द्यायचा राहिलेला असतो, तो शोधून घालावा.

मजकूर पाठवण्यापूर्वी पुस्तक समोर ठेवून सर्व नावे, सनावळ्या, पृष्ठांक आणि किंमत पुन्हा ताडून पाहावी. आमच्या फाइलीतील एका कात्रणात पुस्तकाचे नाव बरोबर आणि प्रकाशकाचे नाव चुकीचे छापले होते. त्या नावाने विक्रेत्याकडे मागणी नोंदवली, त्याने ‘उपलब्ध नाही’ असे कळवले, आणि ते पुस्तक पुढच्या वर्षीच्या खरेदीत आमच्या कपाटात आले.