डावकीला एका दिवसात जाऊन यायचंय? मग या चुका टाळा

मेघालयातल्या उमंगोट नदीचा तो फोटो, नाव जणू हवेत तरंगतेय असा, तो बघून माणूस तिकिटं काढतो आणि त्या नदीकाठच्या, बांगलादेश सीमेजवळच्या डावकीला पोचल्यावर नुसतं चकाकणारं हिरवट पाणी बघून कपाळाला हात लावतो. पहिल्या खेपेला आमचं अगदी हेच झालं. दुसऱ्या खेपेला जे बदललं ते सांगते.

पहिली चूक सीझनची. जून ते सप्टेंबर तिकडे जायचं तर धबधबे बघायला जा, नदी बघायला नको. चेरापुंजी-मावसिनराम तिथून फार लांब नाहीत, सगळ्या डोंगरांची माती नदीत उतरलेली असते. काचेसारखं पाणी बघायचं तर नोव्हेंबर ते साधारण मार्च. आणि तरी आदल्या दिवशी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा, वर कुठे पाऊस झाला असेल किंवा रस्त्याच्या कामाची माती पाण्यात गेली असेल तर हिवाळ्यातही पाणी गढूळ मिळू शकतं.

दुसरी चूक, आणि खरी मेख इथेच आहे, ती म्हणजे वेळ. ऊन तिरकं असलं की पाण्यावर आकाशच चकाकतं, तळ दिसत नाही. ऊन डोक्यावर आलं की नावेची सावली थेट तळावरच्या दगडांवर पडते आणि म्हणून ती हवेत आहे असं वाटतं. नदी दरीत आहे, तिथे ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं. म्हणजे तुमच्या हातात अकरा ते दोन, एवढेच तास. आम्ही काय केलं, तर वाटेत आहे ना म्हणून आधी मावलिन्नाँग गाव, मग रिवाईचा झाडांच्या जिवंत मुळांचा पूल, मग निवांत जेवण, आणि नदीवर पोचलो तीनला. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो हो! त्यामुळे उलटं करा, सरळ डावकी गाठा आणि बाकी सगळं परतीच्या वाटेवर. ड्रायव्हर म्हणेल आधी गाव बघू, त्याला निघतानाच सांगून ठेवा. (तिकडे पुरुषांना 'बा' आणि बायकांना 'काँग' म्हणतात, आपल्या दादा-ताईसारखं. तसं बोललात की माणूस जरा ऐकतो.)

शिलाँगहून अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरच आहे पण मॅपवरच्या वेळेवर जाऊ नका. घाट, लैटलिंगकोटच्या बाजूला धुकं आणि डावकीत १९३२ चा एकेरी झुलता पूल, त्यावर बांगलादेशकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली की बसा. सकाळी सहाला निघा, तिकडे लवकर उजाडतं. गुवाहाटीहून एका दिवसात जाऊन येऊ असं कुणी म्हणालं तर त्याला एकट्याला पाठवा.

गाडी लागणारं कुणी असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी, वळणं सुरू झाल्यावर नाही. आमच्या धाकटीने भरपेट पुरी-भाजी खाल्ली होती, पुढचं लिहीत नाही.

नावेत बसून तो फोटो मिळतच नाही, हे कुणीच सांगत नाही! तो फोटो वरून काढलेला असतो. दुसऱ्या खेपेला आम्ही डावकीच्या गर्दीतून पुढे त्याच नदीवरच्या श्नाँगपडेंग गावाला गेलो, अर्ध्यांना नावेत बसवलं आणि मी तिथल्या पायी जायच्या झुलत्या पुलावर उभी राहिले. तरी चकाकी येत असेल तर पोलराइज्ड गॉगल मोबाईलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात चकाकी गायब होते आणि खालचा गोटा न् गोटा दिसायला लागतो. नवऱ्याने आधी हसून घेतलं, मग माझाच गॉगल मागितला.

लाईफ जॅकेट काढू नका. स्वच्छ पाणी फसवतं, चार फूट खोल असलेला तळ तीन फुटांवर दिसतो. गुडघाभर वाटलं म्हणून माझा भाऊ उतरला आणि कमरेपर्यंत भिजला, खिशात पाकीट. पुढे तर पुरुषभर पाणी आहे.

कॅश शिलाँगलाच काढून घ्या. रविवारी चर्चमुळे बरीच दुकानं बंद असतात, तो दिवस नकोच.

आणि एक गंमत. सीमेजवळ फोन बांगलादेशचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ अर्धा तास पुढे जातं, कारण त्यांची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. आम्ही दोन वाजले दोन वाजले म्हणत सगळ्यांना घाईघाईने पाण्याबाहेर काढलं, आणि गाडीतल्या घड्याळात बघतो तर दीड! डावकीत शिरायच्या आधीच ऑटोमॅटिक टाइम आणि रोमिंग दोन्ही बंद करून टाका.