खाडीत मासा आमिष खातो, पण रॉडच्या टोकाला कळत नाही : माझा अनुभव

कोकणातल्या खाडीत तळाला कोळंबी लावून गरवताना रॉडचे टोक जराही हलत नसे आणि दोर ओढून पाहावा तर गळ रिकामा मिळे. टोकाला घंटी बांधली, शिसे जड केले, गळ लहान केला. तांबोशी अशी फुकट जाताना पाहणे जिव्हारी लागत होते.

कारण नायलॉनच्या दोरात होते. तो ताणला जातो, शिवाय जाड असल्यामुळे ओहोटीच्या प्रवाहात त्याला बाक येतो आणि माशाची हलकी ओढ त्या बाकातच जिरते.

म्हणून रिळावर आधी थोडा नायलॉन गुंडाळला, कारण ब्रेडेड दोर (बारीक धागे विणून केलेला, फारसा न ताणणारा) थेट गुंडाळल्यास तो स्पूलवर, म्हणजे रिळाच्या फिरकीवर, घसरतो. त्यावर 20 पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) ब्रेडेड दोर ओल्या फडक्यातून ताणून भरला. त्याला डबल युनी गाठीने सुमारे दीड मीटर फ्लुरोकार्बन लीडर (गळाकडचा टणक, पारदर्शक दोर) जोडला, ब्रेडेड बाजूला आठ आणि लीडरच्या बाजूला चार वेढे घेतले आणि गाठ भिजवूनच आवळली. लीडर मुळीच वगळू नये, कारण कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर ब्रेडेड दोर लगेच कापला जातो. लीडरमध्ये आरपार भोकाचे शिसे आणि मग मणी ओवून टोकाला स्विव्हल (फिरती कडी) बांधला. त्याखाली फ्लुरोकार्बनच्याच 45 सेंमी तुकड्यावर गळ बांधला. मासा ओढतो तेव्हा दोर शिशातून सरकतो, त्यामुळे माशाला वजन जाणवत नाही. ब्रेडेड दोर फारसा ताणला जात नसल्याने झटक्यात गळ सुटू शकतो, म्हणून ड्रॅग (जोराची ओढ बसली की दोर सुटू देणारा रिळाचा ब्रेक) थोडा सैल ठेवला. आता दोर तर्जनीवर धरला की माशाची पहिली टोचच बोटाला स्पष्ट कळते.