ओएम ६१६ डिझेल इंजिन: आकडे कसे वाचावेत आणि जुने इंजिन कसे पारखावे

मर्सिडीज-बेंझचे चार सिलिंडरचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन ‘कधीच न मरणारे’ म्हणून प्रसिद्ध आहे. या प्रसिद्धीचा परिणाम असा होतो की जुनी व्हॅन विकणारा तिच्या जोरावर किंमत वाढवतो आणि घेणारा इंजिन नीट न तपासताच पैसे मोजतो. प्रसिद्धी खोटी नाही, पण ती या प्रकारच्या इंजिनाची आहे. समोर उभ्या असलेल्या त्या एका इंजिनाची नव्हे. हे इंजिन अचानक दगा देते असे क्वचितच घडते. ते सावकाश झिजते आणि झीज मोजता येईल अशा रीतीने दाखवते. म्हणूनच कारखान्याने ठरवून दिलेली मापे हाताशी ठेवून आणि तपासणीचा क्रम पाळून पाहिले, तर इंजिनात किती आयुष्य शिल्लक आहे याचा बऱ्यापैकी खरा अंदाज येतो.

मूळ आकडे आणि त्यांचा अर्थ

हे इंजिन १९७३ मध्ये २४० डी या मोटारीत आले. तेव्हा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ९२.४ मिमी आणि क्षमता २४०४ घनसेंमी होती. १९७८ मध्ये बोअर ९०.९ मिमी करण्यात आला आणि क्षमता २३९९ घनसेंमी झाली. पहिल्या रूपात ६५ अश्वशक्ती मिळत असे. नंतरच्या रूपात मिनिटाला ४४०० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती आणि २४०० फेऱ्यांना १३७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळू लागला. १९७७ मध्ये आलेल्या टी-१ मालिकेच्या २०७ डी आणि ३०७ डी या व्हॅनमध्ये आणि पुढे २४० जीडी या जीपवजा गाडीतही हेच इंजिन होते. बजाज टेम्पोने (आताची फोर्स मोटर्स) ते भारतात परवान्याखाली बनवले आणि फोर्स मोटर्सचे २५९६ घनसेंमीचे इंजिन त्याच घराण्यातले आहे. सुटे भाग मागताना बोअरमधला हा ०.१ मिमीचा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण पिस्टन आणि रिंग यांच्या बाबतीत ‘चालून जाईल’ असे काही नसते.

ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे आहेत, क्रँकला पाच मेन बेअरिंग आहेत, कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे आणि तो दुपदरी चेनवर चालतो. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी प्रीचेंबरमध्ये, म्हणजे हेडमधल्या छोट्या कक्षात, फवारले जाते, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) सुमारे २१:१ आहे आणि पंप बॉशचा इन-लाइन प्रकारचा आहे. जवळजवळ २.४ लिटरमधून फक्त ७२ अश्वशक्ती म्हणजे लिटरमागे ३०. टर्बो नाही आणि उष्णतेचा ताणही माफक, म्हणून इंजिन टिकते हे सामान्य स्पष्टीकरण बरोबरच आहे. मात्र ते अर्धेच आहे. ४४०० फेऱ्यांवर ९२.४ मिमीच्या स्ट्रोकने पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेतेरा मीटरच्या वर जातो, आणि हा वेग कमी नाही. मोटारीत चालक तिथवर क्वचित पोहोचतो. पण भरलेल्या, उंच आणि खालच्या गिअर रेशोच्या व्हॅनमध्ये इंजिन दिवसभर वरच्या फेऱ्यांतच राहते. त्यामुळे मोटारीतल्या ओएम ६१६ ने गाठलेले किलोमीटर व्हॅनच्या इंजिनाला मोजपट्टी म्हणून लावू नयेत. मीटरवरच्या आकड्यापेक्षा गाडी कोणत्या कामावर होती हे विचारणे जास्त उपयोगाचे ठरते.

थंड इंजिनावर पाहण्याच्या गोष्टी

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावी. पोहोचल्याबरोबर हेडला हात लावून पाहावे. ते कोमट लागले तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्यावी, कारण या इंजिनाचे बहुतेक दोष गरम झाल्यावर लपतात.

आधी हीटर प्लगची (थंड इंजिन सुरू होण्यासाठी प्रीचेंबर तापवणाऱ्या प्लगची) पद्धत ओळखावी. जुन्या इंजिनांत वेटोळ्याच्या तारेचे प्लग एकामागोमाग एक अशा सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे त्यांतला एक जळाला की चारही बंद पडतात. तापायलाही त्यांना अर्धा मिनिट लागू शकतो. नंतरच्या इंजिनांत पेन्सिलीसारखे प्लग पॅरलल जोडलेले असतात आणि एक गेला तर फक्त त्याच सिलिंडरचे मिसिंग सुरुवातीला जाणवते. म्हणजे जुन्या पद्धतीचे इंजिन थंडीत अजिबात सुरू झाले नाही, तर तो कॉम्प्रेशन गेल्याचा पुरावा नव्हे. बिघाड एका प्लगपुरताही असू शकतो.

इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहावा. डिझेलचा वास असलेला पांढरा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर काळजी नाही. तो रेंगाळला, तर एखादे सिलिंडर कमजोर आहे, प्लग गेला आहे किंवा टायमिंग मागे पडले आहे. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. काळा धूर बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा बिघडलेल्या नोझलचा (डिझेल फवारणाऱ्या तोंडाचा) असतो आणि त्यावरून रिंग-पिस्टनबद्दल काही ठरवू नये. ऑइल काळे दिसते म्हणून घाबरण्याचेही कारण नाही, कारण प्रीचेंबर इंजिनात काजळी इतकी होते की ताजे ऑइल थोड्याच वेळात काळे पडते.

आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन

हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात आणि चांगले इंजिन भंगारात काढतात. या इंजिनाच्या टॅपेटला (कॅमची चाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाला) आपोआप जुळवून घेणारी हायड्रॉलिक व्यवस्था नाही. वापराने व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातात आणि क्लिअरन्स (मधली फट) वाढण्याऐवजी कमी होत जातो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि कॉम्प्रेशन गळते. आवाज मात्र वाढत नाही, उलट इंजिन अधिक शांत वाटते. त्यामुळे टॅपेटचा हलका आवाज असलेले इंजिन हे अगदीच निःशब्द असलेल्या इंजिनापेक्षा मला जास्त भरवशाचे वाटते.

थंड इंजिनावर इनलेटचा क्लिअरन्स ०.१० मिमी आणि एक्झॉस्टचा ०.३० मिमी ठेवायचा असतो. काम फिलर गेज आणि १४ मिमीचे पातळ, वाकवलेले पाने यांनी होते. साध्या पान्यांना तिथे जागा पुरत नाही. कॅमचे टोक वर येईल अशा रीतीने क्रँक फिरवावा, तो नेहमी इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवावा, आणि लॉकनट आवळल्यावर गेज पुन्हा घालून पाहावे, कारण आवळताना माप हमखास सरकते. साधारण २४,००० किलोमीटरला हे काम व्हायला हवे. ते शेवटचे कधी झाले याचे उत्तर मालकाला देता आले नाही, तर ते झालेच नाही असे धरून चालावे.

त्यानंतर इंजिन गरम करून, चारही हीटर प्लग काढून आणि भरपूर चार्ज असलेली बॅटरी लावून कॉम्प्रेशन मोजावे. चांगल्या इंजिनात ते सुमारे २२ ते २४ बार येते, किमान मर्यादा सुमारे १५ बार आहे आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा. चारही सिलिंडर १९ बारवर असलेले इंजिन अजून बरेच चालेल. तीन २३ वर आणि एक १६ वर असेल, तर तो एक सिलिंडर काहीतरी सांगतो आहे.

अशा वेळी सिलिंडरमध्ये ऑइल टाकून पुन्हा मोजण्याची पेट्रोल इंजिनावरची युक्ती इथे जपून वापरावी, किंबहुना टाळावीच. एका सिलिंडरची क्षमता ६०० घनसेंमी आणि रेशो २१:१ म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम ३० घनसेंमी. त्यात ५ घनसेंमी ऑइल गेले तर रेशोच २५:१ होतो आणि रिंग झिजल्या नसल्या तरी आकडा वाढतो; जास्त गेले तर कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये अडकवून आणि फिरणाऱ्या भागांपासून हात दूर ठेवून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि ती कुठून निघते ते ऐकावे. ब्रीदरमधून (क्रँककेसची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघाली तर रिंग किंवा बोअर, सायलेन्सरमधून निघाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून निघाली तर इनलेट व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर. बिडाचे हेड अॅल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त सोसते, पण पाणी संपलेल्या इंजिनाला तेही वाचवू शकत नाही.

बॅक कॉम्प्रेशनची (रिंगवरून खाली क्रँककेसमध्ये निसटणाऱ्या दाबाची) ढोबळ परीक्षा ऑइल भरण्याच्या झाकणावर होते. इंजिन स्लोवर (रेस न देता) असताना झाकण उलटे करून भोकावर ठेवावे. ते थोडे थरथरणे या इंजिनात स्वाभाविक आहे; ते उडून पडत असेल आणि ब्रीदरमधून धूर सतत येत असेल, तर रिंगचे काम जवळ आले आहे.

ऑइलचा दाब गरम इंजिनावर पाहावा. स्लोवर तो ०.३ बारपर्यंत उतरला तरी चालतो, मात्र रेस देताच त्याने ३ बारपर्यंत जायला हवे. चढायला वेळ लागत असेल, तर बेअरिंगची तपासणी झाल्याशिवाय सौदा करू नये.

चेन, पंप आणि व्हॅक्यूम पंप

चेन तुटल्याचे प्रसंग कमी, पण ती लांबते. हीच चेन इंजेक्शन पंपालाही चालवते, म्हणून ती लांबली की डिझेल उशिरा फवारले जाते, पिकअप जातो आणि थंडीत पांढरा धूर येतो. मालक मात्र पंपावर खर्च करत बसतो. कॅमशाफ्टवरची खूण जुळेपर्यंत क्रँक चालीच्या दिशेने फिरवावा आणि पुढच्या पुलीवरचे अंश वाचावेत. जितके अंश पुढे गेले तितकी चेन लांबली. थोड्या फरकासाठी सरकवलेल्या माथ्याची वुड्रफ चावी (चाक शाफ्टवर अडकवणारा अर्धगोल तुकडा) घालता येते, पण फरक दहा अंशांच्या आसपास गेला असेल तर चेनच बदलावी. जुन्या चेनला नवी जोडून ती आत ओढून घेता येते, इंजिन उतरवावे लागत नाही. त्यानंतर पंपाचे टायमिंग पिस्टन टोकाला येण्याच्या २४ अंश आधी आहे याची थेंब पद्धतीने (पंपातून पडणारे डिझेलचे थेंब पाहून) खात्री करावी. चेनच्या आधी हे काम करण्यात अर्थ नाही.

सुरुवातीच्या इंजिनांत पंपाचा गव्हर्नर (फेऱ्या आवरणारी यंत्रणा) इनलेटमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा डायफ्राम कडक झाला किंवा फाटला, तर स्लो वरखाली होतो आणि फेऱ्या ताब्यात राहत नाहीत. असे दिसले तर पंप खोलण्याआधी डायफ्राम आणि त्याची नळी पाहावी. नोझल नवे असताना ११५ ते १२५ बारला उघडते. वापरलेले १०० च्या खाली आले तर बदलावे. कमजोर सिलिंडर ओळखण्यासाठी प्रेशर पाइपचे नट एकेक करून सैल करतात, तेव्हा फवाऱ्यासमोर हात धरू नये, कारण तो कातडीतून आत शिरतो.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पुढचा व्हॅक्यूम पंप. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम यातूनच येतो, आणि तो इंजेक्शन पंपाच्या टायमिंग यंत्रणेवरून चालत असल्यामुळे आतला एखादा तुकडा सुटला तर थेट चेनमध्ये जाऊ शकतो. इंजिनाच्या पुढून टकटक येत असेल किंवा ब्रेक जड झाले असतील, तर घरी नेईपर्यंतही थांबू नये. गाडी जागेवर बंद करून पंप उतरवावा, आणि मालक त्याला तयार नसेल तर ते इंजिन हिशेबात धरू नये.