दार उघडण्याआधी: मंडळीच्या सेवाकार्याची तयारी

चर्चमधली रविवारची उपासना संपल्यावर मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या सभासदांतलं, कोणीतरी उभं राहतं आणि म्हणतं, "आपणही समाजासाठी काहीतरी करायला हवं." सगळे माना डोलावतात, पाळक (पास्टर) तिथल्या तिथे कमिटी जाहीर करतात, आणि पुढच्या रविवारी दारात जुन्या कपड्यांचा ढीग येऊन पडतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. ढिगात एकाच पायाचे बूट होते, चेन तुटलेल्या पँटी होत्या, कोणाच्या तरी लग्नातला कोट होता. तो ढीग निवडण्यात तीन शनिवार गेले आणि कोणाला देण्यासारखं जे उरलं ते एका खुर्चीवर मावलं. तेव्हापासून मी तयारीची यादी वस्तूंपासून सुरू करत नाही.

यादीत सगळ्यात वर लिहा: महिनाभर काहीही वाटायचं नाही, फक्त ऐकायचं. ज्यांच्यासाठी काम करायचं म्हणता त्यांच्याकडे दोघादोघांनी जा, आणि एकदाच नाही, निदान तीनदा. हातात वही-पेन नको. पेन दिसलं की समोरचा माणूस तुम्हाला हवं तेच सांगायला लागतो. विचारायचंही थोडकंच. आठवड्यातला कोणता दिवस जड जातो? अडचण आली की आधी कोणाकडे जाता? आणि कोणाच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही? या शेवटच्या प्रश्नाला आपल्याच मंडळीचं नाव येऊ शकतं. आलं तर खुलासे करत बसू नका, ऐकून घ्या. याच फेऱ्यांमध्ये हे काम आधीपासून कोण करतंय तेही कळतं. दुसऱ्या एखाद्या चर्चने, मशिदीने किंवा कामगार संघटनेने मंगळवार सांभाळला असेल तर आपणही मंगळवारच धरण्यात अर्थ नाही. गुरुवार घ्या. नाहीतर आपला हॉल त्यांना द्या आणि खुर्च्या लावायला जा. आपल्या नावाचा फलक लागणार नाही हे काही सभासदांच्या गळी उतरायला वेळ लागतो. लागू द्या.

मग कमिटी. इथे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा, कारण वाटपातली पहिली तक्रार तिथेच नोंदलेली आहे. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातं अशी कुरकूर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, कुरकूर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प अशी त्या सात जणांची नावं वाचत गेलं की लक्षात येतं, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, कारभार बहुधा त्यांच्याच हाती गेला. तेव्हा रांगेत उभे राहिलेले लोक कमिटीत असू द्या, आणि एकाला घेऊन थांबू नका. एकटा माणूस तिथे शोभेपुरता उरतो, प्रत्येक ठरावाला "ठीक आहे" म्हणतो. तिघे-चौघे असले की कोणीतरी "हे चालणार नाही" म्हणायची हिंमत करतं. बैठकीची वेळ त्यांच्या कामाच्या पाळ्या बघून ठरवा, येण्याजाण्याचा खर्च न मागता द्या, आणि त्यांची मुलं कोण सांभाळणार ते आधी ठरवा. हिशेबाचा कागदही त्यांच्यासमोर ठेवा. वाटपात मत द्यायचं पण पैशांबद्दल बोलायचं नाही, असली कमिटी नसलेली बरी.

"सर्वांचं स्वागत आहे" ही पाटी लावण्याआधी मंडळीने स्वतःशी नीट बोलून घ्यायला हवं, कारण त्या "सर्वां"मध्ये कोण येतं यावर घरोघरी वेगळं उत्तर असतं. अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या जनरल सिनॉडने (सर्वसाधारण सभेने) १९८५ साली मंडळ्यांना आवाहन केलं की समलिंगी आणि उभयलैंगिक (बायसेक्शुअल) माणसांचं स्वागत आहे हे त्यांनी उघडपणे, शब्दांत जाहीर करावं. मुद्दा "शब्दांत" याचा आहे. ज्याला आयुष्यभर दारातून परतवलं गेलंय तो मोघम पाटी वाचून आत येत नाही. त्यासाठी अभ्यासगट, चर्चा, मग मतदान, यात महिने जातात आणि एखाददुसरं कुटुंब मंडळी सोडतंही. हे आधी पार पडलेलं बरं. ट्रान्स माणूस दारात आल्यावर त्याला कोणत्या नावाने हाक मारायची यावर स्वागताला उभे असलेले दोघे एकमेकांकडे बघायला लागले, तर पाटी उतरवलेली चांगली. त्याने सांगितलेलं नाव लिहायचं, तेच हाक मारताना वापरायचं, एवढं साधं आहे ते.

आता हॉल. आधी किल्ली. किल्ली एकाच माणसाकडे असली की तो माणूस ज्या दिवशी तापाने झोपतो त्या दिवशी चाळीस लोक पायरीवर उभे राहतात. आम्ही हे पाहिलेलं आहे, पावसात. तीन किल्ल्या करा, तिघं वेगवेगळ्या घरांतले असू द्या. मग एखाद्याला व्हीलचेअरवर बसवून रस्त्यापासून संडासापर्यंत ढकलत न्या. आमच्या दाराला एकच पायरी होती, जेमतेम चार बोटं उंच, आणि वीस वर्षांत ती कोणाला दिसली नव्हती. संडासाच्या दाराची रुंदी टेपने मोजा. बाहेरचा दिवा लागतो का ते दिवसा तपासून उपयोग नाही, संध्याकाळी जा. रांग कुठे उभी राहणार? रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी नको. खरं तर रांगच नको. आत खुर्च्या मांडा, नंबर द्या, लोक बसून थांबू देत. पाणी दारापाशी ठेवा. एक खोली मोकळी ठेवा, दार लागेल पण काचेतून आत दिसेल अशी, कारण कोणाला तरी एकट्याने काही सांगायचं असतं.

नोंदवहीचे रकाने ठरवायला अख्खी बैठक लागली तरी चालेल. प्रत्येक रकान्यापुढे विचारा, ही माहिती घेऊन आपण काय करणार? उत्तर नसेल तर रकाना काढा. धर्म, जात, नागरिकत्वाचे कागद यांची गरज जवळपास कधीच नसते, आणि लिहून ठेवलेली माहिती उद्या कोणी मागायला येऊ शकतं. घरात माणसं किती आणि लहान मुलं किती, एवढ्यावर वाटप चालतं. वही कुलुपात, कुलूप दोघांच्या जबाबदारीत, आणि कोण आलं होतं याची चर्चा घरी गेल्यावर जेवताना नाही. फोटोंचा नियम पहिल्या दिवसाआधी लिहून भिंतीवर लावा: घेणाऱ्याचा चेहरा नाही, मुलांचा तर नाहीच. आमच्यातल्या एकाने उत्साहाने एका बाईंचा पिशवी घेतानाचा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या मुलाच्या वर्गातल्या कोणीतरी तो पाहिला होता.

प्रार्थनेचं काय, हा प्रश्न मंडळीत हमखास निघतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. वाटपाच्या वेळी प्रार्थना ठेवली की हात जोडायची सक्ती कोणी न करताही होते. भुकेला माणूस डोळे मिटेल, पण त्याला पर्याय कुठे होता? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला खायला देणाऱ्यांनी त्याच्या श्रद्धेची चौकशी केल्याचं काही दिसत नाही. स्वयंसेवकांनी आधी, दार बंद असताना प्रार्थना करावी. कोणी आपणहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर ती मोकळी खोली आहेच.

मुलांशी संबंध येणार असेल तर दोन प्रौढ नेहमी सोबत, एकटं कोणी नाही, मग ते पाळक असोत की पाळकांच्या पत्नी. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि फोन भिंतीवर. ती व्यक्ती मंडळीबाहेरची असेल तर उत्तम.

पैसे मोजायला दोघं, सहीला दोघं, आणि ते दोघं नवरा-बायको नसावेत. हिशेब दर महिन्याला दारावर लावा. देणगीदारांची नावं मात्र झाकलेली राहू देत, त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांना बसमध्ये मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध १९५५ साली बसवर बहिष्कार सुरू झाला तेव्हा जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी बायकांचा एक गट उभा केला. त्या घरी केक आणि जेवण बनवून विकायच्या आणि पैसे चळवळीला द्यायच्या. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून गटाचं नावच ठेवलं होतं, 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. कुठूनच नाही आले! नोकरी जाईल या भीतीने ज्यांना उघड देता येत नव्हतं, त्यांना या नावाआड देता आलं. विम्याची ओळही यादीत घाला, कंटाळवाणी वाटली तरी. त्याच बहिष्कारात चर्चच्या नावावर घेतलेल्या गाड्या लोकांना कामावर नेत-आणत होत्या, आणि त्यांचा विमा रद्द होऊ लागला. विमा नाही तर गाडी रस्त्यावर नाही. शेवटी लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारामार्फत विमा मिळवला आणि गाड्या चालू राहिल्या. ३८१ दिवस चाललेल्या त्या लढ्यात असल्या कागदांचा वाटा मोठा होता.

इथपर्यंतची तयारी दयेची झाली. पण वर्षभर दर गुरुवारी तीच माणसं येत असतील तर ती का येतात हे विचारायची वेळ कॅलेंडरवर घाला. सहा महिन्यांनी एक संध्याकाळ, विषय एकच: रांग कशाने लांबते? भाडं, थकलेली मजुरी, दवाखान्याचं बिल, बंद झालेली बस, जे निघेल ते. त्यातलं एकच धरा. पाच धरलेल्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत. वर्षअखेरीस त्यांच्याकडे पाच निवेदनांच्या प्रती असतात. अधिकाऱ्याला भेटायला जाताना ज्याचा प्रश्न आहे त्याने बोलायचं, पाळकांनी शेजारी बसायचं आणि पाळकांना हे आधी सांगून ठेवायचं. पत्राची पोच घ्यायची. माँटगोमेरीच्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या जो ॲन रॉबिन्सन यांनी बसमधल्या वागणुकीबद्दल आणि बहिष्काराच्या शक्यतेबद्दल महापौरांना पत्र पाठवलं ते मे १९५४ मध्ये. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला, आणि त्याच रात्री रॉबिन्सन यांनी कॉलेजात बसून हजारो पत्रकं छापली. दीड वर्ष आधीपासून तयारी होती म्हणून एका रात्रीत ते जमलं.

मोर्चा किंवा धरणं ठरलं तर तालीम घ्या, खरीखुरी. यात आपल्याला जवळची एक गोष्ट आहे. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट पंथातले तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, तिथे राहून त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि माँटगोमेरीची बातमीही त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. अमेरिकेत परत गेल्यावर १९५९ मध्ये नॅशव्हिल शहरातल्या एका चर्चमध्ये ते विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. निम्मे जण खुर्च्यांवर बसायचे, निम्मे त्यांना शिव्या द्यायचे, ढकलायचे. बसलेल्यांनी हात उचलायचा नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये ते विद्यार्थी खरोखरच्या लंच काउंटरांवर, म्हणजे दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरांवर, जाऊन बसले आणि मे महिन्यात शहरातली काउंटरं सर्वांना खुली होऊ लागली. मधल्या काळात लॉसन जिथे शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं होतं. आपल्या तालमीत कोणी पटकन चिडत असेल तर त्याला मोर्चाऐवजी पाण्याच्या गाडीवर ठेवा; तो रागावेल, पण घरी येऊन. वकिलाचा फोन नंबर हातावर, मनगटाच्या वर, न पुसणाऱ्या पेनाने लिहा. मोबाइल काढून घेतला की कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो.

कायद्याला भिडणारं काही करायचं असेल तर वकिलाला आधी विचारा आणि निर्णय पाळकांच्या उत्साहावर न सोडता अख्ख्या मंडळीकडून घ्या. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य अमेरिकेतून पळून आलेल्यांना आसरा देत असल्याचं २४ मार्च १९८२ ला जाहीर केलं, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांच्या हत्येला दोन वर्षं झाली त्या दिवशी. पाळक जॉन फाइफ यांनी सरकारला तसं पत्र लिहून कळवलंही होतं. १९८६ मध्ये त्यांच्यासह आठ जण दोषी ठरले. शिक्षा प्रोबेशनची झाली, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची. इतकी किंमत द्यायची तयारी आहे का, हे दर सभासदाला मोकळेपणाने सांगता यावं म्हणून मतदान गुप्त ठेवा.

राहिलं स्वयंसेवकांचं. पाळ्या अशा लावा की चौथा आठवडा प्रत्येकाला सुट्टीचा मिळेल. जो "मला सुट्टी नको" म्हणतो त्याला आधी द्या. सल्ले देणाऱ्यांना पिशव्या भरायला बसवा.

आदल्या रात्री दिवे, पाणी, नंबरांच्या चिठ्ठ्या, पेनं, सॅनिटरी पॅड, प्रथमोपचाराची पेटी हे सगळं एका खोक्यात घालून दारामागे ठेवा. सहा आठवड्यांनंतरच्या आढावा बैठकीची तारीख आत्ताच वहीत टाका आणि त्या बैठकीला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. बाजूला तिन्ही किल्ल्यांची नावं लिहा. तिसरी किल्ली अजून कोणाला दिली नसेल तर आज देऊन टाका.