टेकडीवर चर खणताय? या चुका टाळा

पावसाळ्यात एक दिवस बातमी येते, ‘खडकवासला शंभर टक्के भरलं’, आणि चौपाटीवर कणीस खात पुणेकर निर्धास्त होतात. पहिली गफलत इथेच होते. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांच्या साखळीत खडकवासला सगळ्यात लहान, जेमतेम १.९७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून साठा २९ टीएमसीच्या आसपास जातो. आकडा बघायचाच तर साखळीचा बघा. तो टिकणार की नाही, हे मात्र धरणाच्या वरचे डोंगर ठरवतात: तिथली माती वाहून आली की धरणात गाळ साचतो आणि पाण्याची जागा कमी होते.

म्हणून आमचा गट श्रमदानाला पानशेतकडच्या एका उतारावर गेला. पाणी आणि माती अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत लांब चर खणायचे असतात. पहिल्या वर्षी ते खणले नजरेच्या अंदाजाने. लांबून पाहिलं तर रेघ अगदी सपाट वाटत होती. पहिल्याच जोरदार सरीत सगळं पाणी एका टोकाला पळालं, तिथला भराव फुटला आणि खाली गुडघाभर खोल घळ पडली. माती अडवायला गेलो आणि वाहून जायला वाट करून आलो!

डोंगरउतारावर नजर फसतेच. तिथे एकाच पातळीतल्या जागा शोधायला ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट लागते, आणि ती अर्ध्या तासात घरी होते. दोन सारख्या लांबीचे बांबू शेंड्याला बांधा, मध्ये आडवी काठी बांधा, शेंड्यावरून दोरीने दगड लोंबकळत सोडा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून, त्याच दोन जागी टेकवून, दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी, ती खरी. आता एक पाय रोवायचा, दुसरा वरखाली सरकवायचा. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आले; तिथे दोन्ही पायांशी फक्की (पांढरी पूड) टाकायची आणि पुढे जायचं. फक्कीची रेघ नागमोडी येते. ती दिसायला बरी नाही म्हणून कुणीतरी हौशी माणूस सरळ करायला जातो, आणि चर बिघडतो.

दुसरी चूक म्हणजे गाडी जिथवर जाते तिथून काम सुरू करणं. वरचं पाणी मोकळं सुटलं तर खालचे चर आणि दगडी बांध एका पावसाचे धनी. माथा ते पायथा, हा क्रम मोडायचा नाही. चराची माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची, काठापासून थोडी जागा सोडून. वर टाकली तर तीच परत चरात येते.

चर नीट असूनही एका पावसात गाळाने भरला तर तो उपसण्याआधी वर चढून बघा. बहुतेक वेळा वणव्याने काळा पडलेला माळ सापडतो, नाहीतर फार्महाऊसच्या रस्त्यासाठी कापलेला डोंगर. ‘जाळलं की गवत जोमाने येतं’ हा समज अजून घट्ट आहे. पण माती धरून ठेवतात ती गवताची मुळं. खड्डे घेऊन रोपं लावायच्या घाईत तेच गवत उपटणारेही कमी नाहीत.

‘गाळ काय, तळाशी मृतसाठ्यात (धरणातून बाहेर काढता न येणाऱ्या पाण्यात) बसतो’ हेही खरं नाही. ओढा जलाशयाला मिळतो तिथे वेग मंदावतो आणि जाड वाळू-माती तिथेच बसते, म्हणजे वापरायच्या पाण्याची जागा खाते. कात्रजला पेशवेकाळात वर-खाली दोन तलाव बांधले, ते याच हिशोबाने: वरच्यात गाळ बसवायचा, खालचं पाणी बंद नळाने शहरात न्यायचं.

 

काम जमलं की नाही, हे बाटली सांगते. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरा, रात्रभर ठेवा, तळाशी किती बोटं गाळ बसला ते बघा. दरवर्षी तोच ओढा, तीच जागा. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन बोटं होता, यंदा एक. बाजूच्या ओढ्याचा अजून तीनच आहे, तिकडे आम्ही या उन्हाळ्यात जाणार आहोत.