राज्य गेलेल्या जर्मन राजपुत्राचे उत्तरचरित्र कसे लिहावे

कोल्हापुरात बसून जर्मन राजपुत्राचे चरित्र लिहायला घेतले की पहिली अडचण शब्दांची येते. आपले संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे राज्य गेले असे लिहिताना ‘विलीनीकरण’ हा शब्द लेखणीतून आपसूक उतरतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात तो तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी चुकीचा होता. आपल्याकडे करार झाला, तनखा ठरला आणि तो १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाला. जर्मनीत नोव्हेंबर १९१८ मध्ये हरलेल्या पहिल्या महायुद्धाच्या पोटातून क्रांती झाली. तेव्हा तेथे ‘पदत्याग’ हाच शब्द वापरावा, आणि तो कोणत्या तारखेचा हेही नेमके लिहावे.

या तारखा फसव्या आहेत. कैसर म्हणजे जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने पद सोडल्याची घोषणा पंतप्रधान माक्स फोन बाडेन यांनी ९ नोव्हेंबरला त्याच्या संमतीची वाट न पाहता करून टाकली. कैसर दुसऱ्या दिवशी हॉलंडमध्ये गेला आणि त्याने प्रत्यक्ष सही केली ती २८ नोव्हेंबरला. त्याचा मुलगा युवराज विल्हेल्म याने गादीवरचा आपला हक्क सोडला तो १ डिसेंबरला. ‘नोव्हेंबरमध्ये राजघराणे पायउतार झाले’ एवढ्यावर भागवले, तर युवराजाचे ते मधले दिवस हातातून निसटतात.

नमुन्यासाठी हाच युवराज घ्यावा, कारण त्याच्याविषयी लिहिताना मोह आणि पुरावा हे दोन्ही भरपूर आहेत. त्याचे नाव कसे लिहायचे, हे आधी ठरवावे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या, म्हणजे क्रांतीनंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेच्या, १०९ व्या कलमाने जन्मसिद्ध विशेषाधिकार संपवले, नव्या पदव्या देणे बंद केले आणि जुन्या पदव्यांना नावाचा भाग म्हणून राहू दिले. त्यामुळे ‘प्रिन्त्स फोन प्रॉयसेन’ (प्रशियाचा राजपुत्र) हे कायद्याच्या दृष्टीने त्या घराण्याचे आडनाव झाले. आपण कोल्हापूरकर ‘महाराज’ म्हणतो तो लोकाचार आहे, त्यात प्रेमही आहे. पण जर्मन कागदावरचा ‘प्रिन्त्स’ पाहून त्याच प्रेमाने ‘राजपुत्र साहेब’ असे भाषांतर करणे टाळावे.

यानंतर माणूस जवळून दाखवावा. युवराजाला हॉलंडच्या व्हीरिंगेन या बेटावर ठेवले होते. तेथे तो एका पाद्र्याच्या साध्या घरात राहत असे. वेळ जाईना म्हणून तो गावच्या लोहाराकडे जाऊ लागला आणि ऐरणीवर घोड्याचे नाल ठोकायला शिकला. आपल्याकडे ज्याने नालबंदाचे काम पाहिले आहे, त्याला तापलेल्या लोखंडाचा रंग, घाव बसताना उडणाऱ्या ठिणग्या आणि पाण्यात नाल बुडवल्यावरचा चर्र आवाज सांगावा लागत नाही. हे दृश्य लिहावे, मात्र त्यावर हुंदका चढवू नये. ज्याच्या नावाने महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दंच्या लढाईत फौज लढली, त्याने नाल ठोकले म्हणून तो कारागीर झाला नाही.

खरा मजकूर मालमत्तेत असतो, आणि येथे कोल्हापूरच्या वाचकाला एक सोय आहे. राजाची खासगी मिळकत वेगळी आणि दरबारची वेगळी, हा भेद त्याला संस्थानी काळापासून ठाऊक आहे. जर्मनीत नेमका हाच वाद पेटला, कारण वाडे, जंगले आणि चित्रे यांतले खासगी कोणते आणि सरकारी कोणते, हे कोणालाच सरळ सांगता येत नव्हते. २० जून १९२६ रोजी राजघराण्यांची मालमत्ता विनामोबदला काढून घ्यावी का, यावर सार्वमत झाले. सुमारे १ कोटी ४५ लाख मते बाजूने पडली, तरी एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा आवश्यक असल्याने प्रस्ताव पडला. मग त्याच वर्षी प्रशिया या जर्मन राज्याचे सरकार आणि होहेनझोलर्न हे कैसरचे घराणे यांच्यात तडजोड झाली. पोट्सडामचा त्सेसिलीनहोफ वाडा सरकारी मालकीचा झाला, पण तेथे राहण्याचा हक्क युवराजाच्या कुटुंबाकडे राहिला. मालकी आणि वहिवाट यांतला फरक ज्याने कोर्टात पाहिला आहे, त्याच्यासाठी हे एक वाक्य पुरेसे आहे.

आता सर्वांत अवघड भाग. युवराज नोव्हेंबर १९२३ मध्ये राजकारणापासून दूर राहण्याच्या बोलीवर मायदेशी परतला. ती बोली त्याने पाळली नाही: १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने हिटलरला जाहीर पाठिंबा दिला आणि २१ मार्च १९३३ रोजी पोट्सडाममध्ये नव्या नाझी राजवटीच्या समारंभात तो हजर होता. हे लिहिताना ‘काळच तसा होता’ हा पदर ओढू नये. त्यासाठी तुलना हाताशी ठेवावी. त्याचा भाऊ आउगुस्ट विल्हेल्म नाझी पक्षात जाऊन तुफानी दल (एसए) या पक्षाच्या गणवेशधारी दलात मोठ्या हुद्द्यावर चढला. उलट बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्ट विरोधात राहिला आणि १९४४ मध्ये त्याच्या पत्नीला व मुलांना अटक झाली. एकाच काळात वाटा अनेक होत्या, हे या तीन नावांतून दिसते.

उतारवयासाठी फार पाने लागत नाहीत. १९४५ मध्ये सोव्हिएत फौज जवळ येण्याआधी त्याने पोट्सडाम सोडले होते, आणि १७६ खोल्यांच्या त्याच त्सेसिलीनहोफमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये विजेत्या राष्ट्रांची परिषद भरली. युवराजाचा मृत्यू २० जुलै १९५१ रोजी हेशिंगेन गावी, एका लहानशा घरात झाला.

तेथे चरित्र थांबवू नये. सोव्हिएत अंमलाखाली जप्त झालेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९९४ चा जर्मन कायदा आहे, आणि ज्याने नाझी राजवटीला भरीव मदत केली, त्याच्या वारसांना तो भरपाई नाकारतो. त्यामुळे युवराजाचे १९३२-३३ मधले वर्तन इतिहासकारांच्या साक्षींचा आणि कज्जाचा विषय झाले. मार्च २०२३ मध्ये त्याचा पणतू गेओर्ग फ्रीडरिश याने भरपाईचे दावे मागे घेत असल्याचे जाहीर केले.